मोटार-कारखान्यांची त्रिविध परीक्षा



दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याहून येणारी फेरीबोट कांहीं मोटारी उतरवून परत जाते, हें दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. यापुढें मात्र येथून मोटारी जहाजें भरभरून परदेशीं जाण्याचा संभव आहे. येथील बंदर अदानी पोर्ट्स या कंपनीनें २०२१ सालीं ७०५ कोटी रुपयांस घेतलें. आणि मुंबई, पुणें व नाशिक या टापूंत तयार होणाऱ्या मोटारी बाहेर पाठविण्यासाठीं येथें खास व्यवस्था करण्याचा करार २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत मदरसन या उद्योगसमूहाशीं झाला. तेव्हां जी वस्तु आपल्या दारावरून जाणार, ती करणारांची पारख कशी करावी, हें जाणून घेणें अगत्याचें आहे.

भांडवल गुंतविणारे जाणते लोक अलीकडे कारखान्याचा नफा किती एवढेंच न विचारतां आणखी तीन प्रश्न विचारतात. पहिला, त्यानें हवा, पाणी व जमीन यांचें काय केलें? दुसरा, कामगार, गिऱ्हाईक व शेजारी यांच्याशीं तो कसा वागला? तिसरा, त्याचा अंतर्गत कारभार सचोटीचा व उघडा आहे काय? या तिहींस मिळून इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ई. एस. जी.' असें नांव पडलें आहे. आपल्या देशांत 'सेबी' या संस्थेनें २०२२-२३ या वर्षापासून शेअर-बाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांस या विषयांचा वार्षिक अहवाल देणें बंधनकारक केलें आहे.

पहिल्या प्रश्नाचें एक गणित पाहूं. एक लिटर पेट्रोलचें वजन सुमारें पाऊण किलो भरतें. पण तें जळलें म्हणजे सव्वादोन किलोंहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड वायु निघतो. पाऊण किलोंतून सव्वादोन किलो कसे निघाले? पेट्रोलांतील कार्बन हवेंतील ऑक्सिजन ओढून घेतो, हें त्याचें कारण. म्हणून कारखान्याचें धुराडें स्वच्छ असलें म्हणजे झालें, असें नव्हे. विकलेली मोटार पुढें वर्षानुवर्षें जो धूर ओकते, तोही कारखानदाराच्या खात्यावर मांडला पाहिजे. विजेच्या मोटारीस धूर नाहीं हें खरें. परंतु महाराष्ट्रांतील पुष्कळशी वीज अद्याप कोळशावर तयार होते, म्हणून तिच्या वांट्याचा धूर चंद्रपूर-कोराडीच्या धुराड्यांतून निघतो, हें विसरूं नये.

दुसरा प्रश्न माणसांचा. चाकण व पिंपरी-चिंचवड येथील मोठ्या कारखान्यांत मोटारीचे भाग जोडले जातात. पण त्यांपैकीं बहुतेक भाग दुसऱ्या लहानमोठ्या कारखान्यांतून येतात. म्हणून मोठ्या कारखान्यांतील कामगार सुखी आहे एवढ्यानें भागत नाहीं. लहान कारखान्यांत पत्रा दाबणाऱ्या यंत्रापुढें उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराचीं बोटें सुरक्षित आहेत काय, हेंही पाहिलें पाहिजे. विजेच्या मोटारींच्या कित्येक बॅटऱ्यांत कोबाल्ट हा धातु लागतो. तो बहुतांशीं आफ्रिकेंतील कांगो देशांतून येतो, आणि तेथील कांहीं खाणींत तुमच्या वयाचीं मुलें राबत असल्याचें आढळलें आहे. मोटारीची शेवटची किंमत कोण देतो, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां तिसरा प्रश्न. समजा, एक मुलगा शाळा-तपासनीस आले म्हणजे हाताची घडी घालून बसतो आणि ते फाटकाबाहेर पडतांच वर्ग डोक्यावर घेतो. तपासनिसांच्या वहींत त्याच्या नांवापुढें 'उत्तम' असाच शेरा पडणार! फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या डिझेल मोटारींनीं नेमकें हेंच केलें. परीक्षा चालली आहे असें ओळखतांच धूर शुद्ध करणारी योजना पूर्णपणें चालावी व रस्त्यावर ती ढिली पडावी, अशी गुप्त सूचना त्यांच्या यंत्रांत घातली होती. अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला, तेव्हां संशय आला. आणि १८ सप्टेंबर २०१५ रोजीं तेथील सरकारी खात्यानें ही लबाडी उघड केली. नायट्रोजनचे विषारी वायु मर्यादेच्या चाळीसपटींपर्यंत निघत होते. जगांत अशा सुमारें एक कोटी दहा लक्ष मोटारी होत्या. २०१७ सालीं कंपनीनें अमेरिकन न्यायालयांत गुन्हा कबूल केला.

ही कथा केवळ दूरदेशची नाहीं. याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकण येथें आहे. पुण्याच्या 'ए. आर. ए. आय.' या संस्थेनें येथील मोटारी तपासल्यावर २०१५ च्या अखेरीस सुमारें सव्वातीन लक्ष मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलावण्याचें ठरलें. २०१९ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें पांचशें कोटी रुपयांचा दंड केला. भारतांतील नियम आपण मोडले नाहींत असें कंपनीचें म्हणणें होतें, व त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. लबाडी उघड झाली त्याच महिन्यांत 'डाऊ जोन्स' या नांवाच्या प्रसिद्ध गुणपत्रिकेंत हीच कंपनी जगांतील मोटार-कारखान्यांत अग्रगण्य ठरली होती. पुढच्याच महिन्यांत तिचें नांव तेथून काढावें लागलें. गुण देणाऱ्यांनीं आंकडे पाहिले. पण ते आंकडे खरे कीं खोटे, हें त्यांस कळलें नाहीं. म्हणून तिसरा प्रश्न हाच पहिल्या दोहोंचा पाया होय. हिशेब लिहिणारा खोटा असेल, तर स्वच्छ हवेचे व सुखी कामगारांचे सारे आंकडे व्यर्थ होत.

उद्यां दिघीस मोटारींच्या रांगा लागतील, तेव्हां आपणही विचारावें: धक्क्यावर सांडलेलें तेल पावसाच्या पाण्याबरोबर खाडींत जातें काय? कोळी बांधवांच्या होड्यांस वाट मोकळी आहे काय? गांवच्या तरुणांस काम मिळालें काय? आणि या प्रश्नांचीं उत्तरें कोणीं मोजलीं, व मोजणारा स्वतंत्र आहे काय?

पालकांस एक विनंती आहे. आपल्या फटफटीच्या किंवा मोटारीच्या धुराचा दाखला घेतांना ती प्रत्यक्ष मोजून घ्यावी. गाडी घरीं ठेवून नुसता कागद आणूं नये. मुलांच्या डोळ्यांदेखत असा कागद आणणारा मनुष्य आणि यंत्रांत गुप्त सूचना घालणारी कंपनी, यांत फरक केवळ आकाराचा आहे. परीक्षक पाठ फिरवून उभा असतां जो तसाच वागतो, तोच खरा उत्तीर्ण. मग तो विद्यार्थी असो, पालक असो वा कारखानदार.