मातीचा बैल आणि चीनचा सैनिक

पोळ्याला आपण मातीचे बैल करतो. पोट भरीव जाड केलं की वाळताना तडकतं, होय ना? वरची माती आधी सुकून आकसते, आतली ओलीच राहते; म्हणून तडा जातो.

मग माणसाएवढा मातीचा पुतळा कसा टिकला? चीनमध्ये शिआनजवळ १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते. तेथे पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक सापडले. ते २२०० वर्षांपूर्वीचे! त्यांचे धड आतून पोकळ आहे. मातीच्या वळ्या एकावर एक रचून ते घडवले; डोके वेगळे करून बसवले.

करून पाहा: बोटाएवढ्या वळ्या गोल रचा, ओल्या बोटाने सांधे बुजवा, सावलीत वाळवा. यंदाचा बैल पोकळ पोटाचा करा. माती कुठलीही असो, तिचा स्वभाव तोच!