डिस्चार्ज म्हणजे काय

लालबाग, सोमवार

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. महिना होत आला, तू लॉ कॉलेजची पायरी चढला नाहीस आणि भिवंडीला गोडाऊनमध्ये नोकरी बघतोयस म्हणे. खरं का रे हे? ती रडत होती. तुझ्या बाबांना अजून पत्ता नाही. त्यांना कळलं तर काय होईल, ते तुलाही ठाऊक आहे.

आणि कारण काय, तर सरांनी 'डिस्चार्ज' म्हणजे काय विचारलं, तू 'दवाखान्यातून घरी सोडणं' म्हणालास आणि वर्ग हसला. एवढ्यासाठी वकिली सोडायची? तुझ्या आत्याचा जन्म केईएमच्या वॉर्डात डिस्चार्ज कार्डं भरण्यात गेला. आपल्या घरात तुला दुसरा अर्थ सांगणार तरी कोण होतं?

राग निवेना, म्हणून सकाळी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले आणि जाडजूड कोश काढून बसले. 'चार्ज' हा शब्द मुळात लॅटिनमधल्या गाडीच्या नावावरून आलाय. गाडीत माल भरणं, ओझं लादणं. आता बघ कसं उलगडतं. ड्यूटी संपली की मी पुढच्या सिस्टरला वॉर्डचा चार्ज द्यायचे, ते जबाबदारीचं ओझं. बंदुकीत ठासलेली दारू, मोबाईलमध्ये भरलेली वीज, बिलात चढवलेले पैसे, कोर्टात माणसावर ठेवलेला आरोप, सगळे चार्जच. लाठीचार्जमधलं तुटून पडणंही त्यातूनच फुटलेलं. मराठीतही तसंच आहे. ऑफिसातला प्रभारी घे, नाहीतर तुझ्या शाळेतल्या विज्ञानातला विद्युत प्रभार घे, दोन्हींत भार आहेच. तो उतरवणं म्हणजे डिस्चार्ज. म्हणजे तुझं उत्तर अर्धं बरोबर होतं, बाळ्या.

उरलेलं अर्धं खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंना विचारलं. चार्ज ठेवण्याइतका आधारच नाही असं कोर्टाला दिसलं, तर आरोपीला तिथेच सोडतात, तो डिस्चार्ज. खटला पुरा चालून निर्दोष ठरला तर अक्विटल. डिस्चार्ज झालेल्यावर नवा पुरावा सापडला तर पुन्हा कारवाई होऊ शकते. अक्विटलनंतर त्याच गुन्ह्यासाठी नव्याने खटला भरता येत नाही, फार तर अपील. हा फरक परीक्षेत हमखास विचारतात म्हणे. पण तू परीक्षेला बसणार आहेस ना?

माझंच सांगते. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. आप्पांचा गिरणीतला पगार बंद, घर माझ्या पगारावर. तेव्हाच मेट्रन म्हणाल्या, सिस्टर ट्यूटरच्या कोर्सचा फॉर्म भर. फॉर्म इंग्रजीत, शिकवणंही इंग्रजीत. मी घरची अडचण सांगून मोकळी झाले. अडचण खरी होती रे, पण भीती तिच्याहून मोठी होती. आप्पा जाईपर्यंत त्यांना हे सांगितलं नाही. पुढे माझ्या हाताखालच्या मुली तो कोर्स करून आल्या, तेव्हा त्यांचे पेढे खाताना घास उतरायचा नाही.

लहानपणी तुला परळची बी.आय.टी. चाळ दाखवली होती, आठवतं? तिथे राहून अभ्यास केलेले बाबासाहेब 1935 साली सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. तेव्हा तू विचारलं होतंस, 'आत्या, त्यांना दिव्याखाली जागा कोण द्यायचं?' तो प्रश्न विचारणारा पोरगा गोडाऊनला जायचं म्हणतो, हे मला पटत नाही.

जास्तच बोलले बहुतेक. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर एवढं रागावता आलं नसतं, म्हणून लिहिलं. सगळे हसले तेव्हा तुझं काय झालं असेल, ते कळतं मला. तू कुणाला बोललाही नसशील.

रविवारी ये. बांगडे आणते, सोलकढी करते. पुस्तकं आण, नाही आणलीस तरी ये. गोडाऊनवाल्यांना हो म्हणून बसला असशील तर तेही सांग, मी ओरडणार नाही. बाबांशी मी बोलेन. फी राहिली असेल तर आकडा कळव, आईला मध्ये घालू नकोस. आणि रात्री राहायच्याच तयारीने ये, तुझी गादी उन्हात घालून ठेवते.

तुझी
आत्या