ध्वनीचा नमुना घेणे व तो पट्टीवर वाजविणे
(वरच्या प्राथमिक वर्गांच्या पाठासाठी)

ध्वनी म्हणजे कंप, हे वाक्य मुले पाठ म्हणून दाखवितात. परंतु हा कंप मोजता येतो, आणि मोजलेल्या आकड्यांपासून तोच ध्वनी पुन्हा उत्पन्न करता येतो, ही गोष्ट त्यांच्या मनात सहसा ठसत नाही. कीबोर्ड हे काम मुलांच्या डोळ्यांदेखत करून दाखवितो. जुन्नर-आंबेगाव भागातील शिक्षकांस या पाठाचे साहित्य दूर शोधावयास नको. नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि विठाबाई (1935–2002) ही नावे येथे घरोघरी ठाऊक आहेत. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज ही त्या फडांची वाद्ये. आता अनेक फडांच्या रंगमंचावर त्यांच्या जोडीस कीबोर्ड व ऑक्टोपॅड आले आहेत, आणि हलगीचा ठोका रबराच्या चौकोनावर काडी मारूनही काढता येतो. तो ठोका त्या यंत्रात आला कोठून, हा प्रश्न वर्गापुढे टाकून पाठास आरंभ करावा.

उत्तर असे की, कोणा एका वादकाने कोणे एके दिवशी खऱ्या हलगीवर तो ठोका मारला होता. ध्वनिग्राहकाने त्याचे विजेच्या लहरीत रूपांतर केले; त्या लहरीची उंची ठराविक क्षणांनी मोजून तिचे आकडे यंत्राने साठविले. या मोजणीस नमुना घेणे म्हणतात.

हे फळ्यावर सांगून भागणार नाही. चौकटीच्या कागदावर एक नागमोडी रेघ काढवून घ्यावी. प्रत्येक उभ्या ओळीवर रेघेची उंची मुलांनी मोजावी व आकडे दुसऱ्या बाकावरील मुलांस द्यावेत. त्यांनी मूळ रेघ न पाहता केवळ आकड्यांवरून ती काढावी. मग हाच प्रयोग चार-चार ओळी सोडून करावा; रेघ बिघडते, कधी कधी भलतीच दिसू लागते. चित्रपटात पळत्या टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्याचे कारणही हेच: चित्रे पुरेशी जवळजवळ घेतलेली नसतात. ज्या ध्वनीचे कंप सेकंदाला जितके, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले तरच तो ध्वनी शाबूत राहतो. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारे 20,000 कंपांपर्यंत ऐकू येते. म्हणून 1982 मध्ये बाजारात आलेल्या ध्वनिचकतीसाठी सेकंदाला 44,100 मोजण्या ठरल्या, आणि प्रत्येक मोजणीस उंचीच्या 65,536 पायऱ्या.

ही विद्या प्रारंभी फार महाग होती. सिडनी येथे 1979 मध्ये तयार झालेले फेअरलाइट हे यंत्र धनिक संगीतकारांसच परवडे. पुढे 1980 नंतरच्या दशकात कॅसिओ कंपनीने एसके-1 हा लहानसा कीबोर्ड काढला. त्यात कोणीही 1.4 सेकंदाचा आवाज भरावा व तो पट्ट्यांवर वाजवावा. सेकंदाला सुमारे 9,400 मोजण्या आणि पायऱ्या अवघ्या 256. आवाज अर्थातच खरखरीत, पण मुलांनी त्यात कुत्र्याचे भुंकणे भरून गाणी वाजविली! आज हे सर्व मोबाईलमध्ये होते. शाळेत कीबोर्ड नसला तरी पाठ अडू नये.

याच तालुक्यात खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथे आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी सेकंदाला कोट्यवधी वेळा मोजून त्यांचे आकडे करतात. हलगीचा ठोका आणि दूरच्या ताऱ्याची लहर यांची मोजणी एकाच तत्त्वाने होते. 28 फेब्रुवारीस विज्ञान दिनाच्या प्रदर्शनास मुलांस तेथे नेण्याचा बेत असल्यास हा पाठ त्याआधी घ्यावा.

आता पट्टीकडे वळू. एकच नमुना सर्व पट्ट्यांवर कसा वाजतो? यंत्र आकडे जलद वाचते, म्हणजे सूर चढतो. सावकाश वाचते, म्हणजे उतरतो. एक पट्टी वर गेले की वेग शेकडा सुमारे सहाने वाढतो, आणि बारा पट्ट्या ओलांडल्या की दुप्पट होतो. त्यामुळे साध्या यंत्रात मध्यसप्तकात एक सेकंद टिकणारी तुणतुण्याची टणत्कार तारसप्तकात अर्ध्या सेकंदात संपते, आणि चिमणीच्या चिवचिवाटासारखी लागते. मोठ्या कीबोर्डांत यावर उपाय म्हणून दर दोन-चार पट्ट्यांस निराळा नमुना भरतात. हळू व जोरकस आघातांचे नमुनेही वेगळे ठेवतात.

नमुना घेताना काय सांभाळावे? पत्र्याच्या वर्गात आवाज घुमतो, मैदानात वारा शिरतो. भिंतींस दोन-तीन गोधड्या टांगलेली लहान खोली उत्तम. तुणतुण्यापासून मोबाईल हातभर अंतरावर, हलगीपासून दोन-तीन हातांवर ठेवावा, नाहीतर ठोका फाटतो. हलगी आधी शेकून घेऊ द्यावी. थंड कातड्याचा आवाज ती हलगी नव्हे, हे वादक स्वतःच सांगेल. नंतर नमुन्याच्या अलीकडची शांतता कापावी, परंतु आघाताच्या पहिल्या क्षणास धक्का लावू नये. कान वाद्य ओळखतो तो बव्हंशी त्या पहिल्या क्षणावरूनच. याची मौज मुलांस दाखवावी: तुणतुणे व घंटा यांच्या नमुन्यांचा आरंभ कापून उरलेला भाग ऐकवावा आणि वाद्य ओळखावयास सांगावे. पुष्कळ जण चुकतात. घंटेचा नाद लांबतो म्हणून तिचा नमुना पुरता ओसरेपर्यंत घ्यावा. भीमाशंकरची ती मोठी घंटा, चिमाजीअप्पांनी 1739 च्या वसईविजयानंतर अर्पण केलेली म्हणून प्रसिद्ध, सहलीत ऐकण्याजोगी आहे.

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नमुन्यात ठोका येतो, वादन येत नाही. ढोलकीवाला मनगट दाबून घुमारा चढवितो-उतरवितो, नाचणारीच्या पावलाकडे पाहून लय किंचित आवरतो. दर ठोका मागच्याहून निराळा पडतो. यंत्र तोच ठोका शंभर वेळा जसाच्या तसा देते. फडमालकास मात्र चार माणसांऐवजी एक माणूस स्वस्त पडतो, आणि उरलेल्या तिघांची सुपारी जाते. ज्या मुलाने हलगी कीबोर्डवरच ऐकली, त्यास त्या तिघांची उणीव भासणारही नाही. म्हणून वादकास शाळेत बोलवावे, आधी त्याचे वादन मुलांस मनसोक्त ऐकू द्यावे व मगच मोबाईल बाहेर काढावा. त्यास मुलांसमोर खुर्ची द्यावी, 'मामा', 'काका' म्हणून मुलांनी प्रश्न विचारावेत, आणि त्याचा दिवस बुडत असेल तर मानधनाची तजवीज आधी करावी.

त्याची अनुमती जरूर घ्यावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादरीकरणावरील कलावंताचा हक्क मान्य झाला आहे. केवळ अध्यापनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणास कायदा सूट देतो. शिष्टाचार ती देत नाही. आणि तोच नमुना उद्या कोणी वरातीत वाजवून पैसे मिळविणार असेल, तर सूटही उरत नाही, हे मुलांस सांगावे.

नमुन्यास 'ध्वनी 1' असे नाव देऊ नये. वाद्य, वादकाचे नाव, गाव व तारीख याच क्रमाने ते लिहावे, शाळेच्या वहीत त्याची नोंद करावी आणि एक प्रत वादकाच्या मोबाईलमध्ये त्याच दिवशी घालून द्यावी.