गृहसंकुलाचे प्रवेशद्वार आणि वस्तीचा रस्ता

बैठ्या घरांच्या वस्तीत एखाद्या भूखंडावर बहुमजली संकुल उभे राहते आणि त्याचे फाटक वस्तीच्या अरुंद रस्त्यावर उघडते. वाहनांची वर्दळ वाढते, मुलांचे खेळणे थांबते. जुने रहिवासी म्हणतात, "रस्ता आमचा आहे." सदनिकाधारक विचारतात, "मग आम्ही जावे कोठून?" दोघांचीही अडचण खरी असते. परंतु निर्णय एकाच मूळ प्रश्नावर अवलंबून असतो : हा रस्ता कायद्याने कोणाचा?

रस्ता स्थानिक संस्थेकडे निहित असेल तर तो सार्वजनिक होय. लगतच्या जमीनधारकास त्यावर ये-जा करण्याचा हक्क असतो. मात्र नियोजनाचे व वाहतुकीचे नियम त्यास पाळावे लागतात. अशा रस्त्यावर रहिवाशांनी साखळी लावणे बेकायदेशीर ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १५२ अन्वये कार्यकारी दंडाधिकारी असा अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतात.

रस्ता खासगी असल्यास भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ पाहावा लागतो. वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड व हक्क म्हणून केलेल्या वापराने वहिवाटीचा हक्क प्राप्त होऊ शकतो (कलम १५). तथापि, आपल्या मिळकतीत केवळ फेरबदल किंवा भर घालून तो हक्क लक्षणीयरीत्या वाढविता येत नाही (कलम २९). समजा, एका घरापुरती वाट होती आणि तेथे चाळीस सदनिका झाल्या. तेवढ्याने ती वाट चाळीस कुटुंबांच्या वाहनांचा मार्ग आपोआप होत नाही. असा वाद दिवाणी न्यायालयात जातो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ आणि जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ हे मुख्यतः शेतजमिनीच्या वाटांसाठी आहेत, हे अर्जदारांना वेळीच सांगितल्यास त्यांचा हेलपाटा वाचेल.

अनेक तंट्यांचे मूळ अपुऱ्या नोंदीत सापडते. अभिन्यासातील रस्ते स्थानिक संस्थेकडे रीतसर हस्तांतरित होत नाहीत, अभिलेखात मूळ मालकाचेच नाव राहते आणि पुढे दोन्ही पक्ष आपापला दावा सांगतात. म्हणून ग्रामपंचायतीने रस्त्यांची नोंदवही अद्ययावत ठेवावी. बांधकाम परवानगी देताना प्रत्यक्ष रुंदी मोजावी, कारण इमारतीची उंची व चटई क्षेत्र निर्देशांक रस्त्याच्या रुंदीशी निगडित असतात. भूखंडास दोन रस्ते लागत असतील तर फाटक शक्यतो रुंद रस्त्यावर घ्यावे. ते हद्दीपासून आत असावे, म्हणजे थांबलेली वाहने रस्ता अडविणार नाहीत.

नागरिकांनीही फाटक बसेपर्यंत वाट पाहू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मंजूर नकाशाची प्रत मागता येते. नकाशा समोर ठेवून वेळीच झालेली बैठक नंतरच्या दीर्घ दाव्यापेक्षा कमी खर्चाची असते. शिवाय ज्यांना एकाच रस्त्यावर आयुष्य काढावयाचे आहे, त्यांचा शेजारधर्मही त्यामुळे टिकतो.