दुखणं सोसायचं नाही

तुझ्या बरगड्या मोडल्यात, आणि काल फोनवर तू म्हणालास, "आत्या, गोळी घेतलीच नाही आज, सोसतोय." तेव्हापासून मला चैन नाही. हेच शब्द मी तुझ्या आजोबांच्या तोंडून ऐकले आहेत.

मी तेव्हा नववीत होते. आंबे काढताना बाबा कलमावरून पडले, बरगड्या मोडल्या. गावातल्या जाणत्यांनी आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी करून त्यांची छाती आवळून बांधली आणि हलू नका म्हणून सांगितलं. बाबा हूं की चूं न करता पडून राहिले. श्वास घेतला की कळ यायची, म्हणून वरच्यावर श्वास घ्यायचे. खोकला आला की गिळायचे. आठवड्याने ताप चढला, छाती भरली, न्यूमोनिया झाला. त्यातून उठले, पण पुढची दोन वर्षं बागेत पाय टाकता आला नाही. बरगड्या तर तोवर आपोआप जुळूनही गेल्या होत्या.

बारा वर्षांपूर्वी मी स्वतः माळ्याच्या शिडीवरून पडले, तीन बरगड्या मोडल्या, तेव्हा डॉक्टरांनी मला यामागचं कारण समजावलं. हात मोडला तर प्लास्टर घालून त्याला गप्प बसवता येतं. बरगडीला बसवता येत नाही, कारण मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला वीस हजारांवर वेळा ती हलते. ती दुखते म्हणून आपण श्वास आखडतो, मग फुप्फुसाचा तळ उघडत नाही, कफ तिथेच साचतो आणि कुजतो. गोळी घ्यायची ती यासाठी. दुखणं एवढं उतरलं पाहिजे की तुला पोटभर श्वास घेता येईल आणि मोकळं खोकता येईल. म्हणून छातीला पट्टा आवळायचा नाही, कोणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी.

गोळी घड्याळाप्रमाणे घे. कळ येईपर्यंत थांबलास तर ती आटोक्यात आणायला जास्त वेळ जातो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच. धडधाकट माणसालाही दिवसाला चार ग्रॅमच्या वर ते चालत नाही, आणि सर्दीच्या गोळ्यांतही बहुधा तेच असतं, म्हणून त्या वेगळ्या घेऊ नकोस. सूज उतरवणारी दुसरी गोळी पोटात अन्न असतानाच. तुला पित्ताचा त्रास आहे हे डॉक्टरांना सांगितलंस का? नसेल तर आज सांग. मला मूत्रपिंडामुळे ती गोळी बंदच केली होती. ट्रामाडॉलसारखं काही दिलं असेल तर गुंगी येईल आणि पोट कडक होईल. ते कडक होऊ देऊ नकोस, कुंथताना बरगडीत जी कळ येते ती मी अजून विसरलेले नाही. रात्री इसबगोल, दिवसभर भरपूर पाणी, आणि काही दिवस कमोडच वापर, उकिडवं बसू नकोस.

आता श्वासाचं. जागा असशील तेव्हा तासातासाला दहा श्वास, नाकाने हळू, पोटापर्यंत, क्षणभर धरून सोडायचे. तीन चेंडूंचं ते श्वासाचं प्लास्टिकचं यंत्र दिलं असेल तर फुंकायचं नाही, ओढायचं. खोकला दाबायचा नाही. उशी दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. शिंक येतेय असं वाटलं तरी तेच. गोळी घेतल्यावर पाऊण-एक तासाने हा व्यायाम सर्वांत सोपा जातो, ती वेळ साध.

रात्र वैऱ्याची असते. सपाट झोपू नकोस, पाठीला तीन-चार उशा लाव. मी पंधरा दिवस आरामखुर्चीत झोपले. उठताना सरळ बसायला जाऊ नकोस. कुशीवर वळ, पाय खाली सोड आणि हाताच्या कोपरावर जोर देऊन उठ. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळून बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, नंतर शेक बरा वाटतो. आंबेहळदीचा लेप सूनबाईला लावायचा तर लावू दे, पण चोळायला कोणालाही हात लावू देऊ नकोस.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढल्यासारखं वाटेल, घाबरू नकोस. हाड जुळायला सहा आठवडे, आणि कधीकधी ठणका पूर्ण जायला तीन महिनेही लागतात. तोवर पाण्याची कळशी नाही, मोटारसायकल नाही. आणि ऐक, यंदा गणपती डोक्यावरून आणायचा नाही. धाकट्याला आणू दे. तू पुढे टाळ वाजवत चाल, चालणं चांगलंच आहे. विडी मात्र या तीन महिन्यांत ओठाला लावलीस तर मी स्वतः येईन.

धाप लागली, ताप आला, कफ पिवळा-हिरवा किंवा रक्ताचा पडला, छातीतलं दुखणं एकदम वाढलं, चक्कर आली, पोटात किंवा खांद्याच्या टोकाला दुखू लागलं तर सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी दवाखाना. खालच्या बरगड्यांच्या आड डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत असतं, आणि तुझ्या मोडलेल्या दोन्ही डाव्या बाजूच्या, खालच्याच आहेत.

सावरीच्या कापसाची उशी उद्याच्या एसटीने पाठवतेय, तुझ्या आजीने भरलेली. लहान आहे, छातीशी नीट धरता येते. माझ्या तीन बरगड्या तिनेच सांभाळल्या. आल्यावर फोन कर, आणि तेव्हा आठची गोळी घेतलीस का, हे मी विचारणार आहे.