शेवग्याचा पाला : परसातून ताटापर्यंत

दुसरीच्या वर्गात 'शेवगा' म्हटलं की मुलं एका सुरात सांगतात, "सांबारातली शेंग!" झाड दाखवा म्हटलं तर मात्र एकमेकांकडे बघतात. आणि गंमत अशी, की आमच्याकडे कोकणात यातल्या कितीतरी मुलांच्या परसात शेवगा उभा असतो. शेंग खाल्ली जाते, पाला गळून मातीत जातो. घरातल्या आजीला मात्र या पाल्याची किंमत ठाऊक असते. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेगलाची भाजी हा बेत सिंधुदुर्गात अजून अनेक घरांत होतो. शेगल म्हणजे हाच शेवग्याचा पाला. वर्षातून एकदा तो ताटात येतो, मग पुढच्या अष्टमीपर्यंत विसरला जातो.

हा पाठ घ्यावासा वाटला त्याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) आपल्या देशातल्या 6 महिने ते 5 वर्षे वयाच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुलांमध्ये रक्त कमी असल्याचं आढळलं. हीच मुलं वर्ष-दोन वर्षांत आपल्या पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. लवकर दमणारं, फळ्याकडे बघत असूनही लक्ष नसलेलं मूल आपण 'आळशी' म्हणून सोडून देतो. प्रत्येक वेळी कारण रक्ताचंच असेल असं नाही, पण एकदा तपासून घ्यायला काय हरकत आहे?

आता पाठाकडे वळू. मुलांना झाडाखाली न्या आणि एकच प्रश्न विचारा : "याचं एक पान कुठून कुठपर्यंत?" मुलं टिकलीएवढी हिरवी चकती तोडून दाखवतील. ते पान नाही, पर्णिका आहे. फांदीला जिथे देठ चिकटतो तिथपासून टोकापर्यंतचा अख्खा पिसारा म्हणजे एक पान! त्या देठाला छोटे देठ, त्यांना आणखी छोटे देठ आणि त्यांवर पर्णिका. एका पानावरच्या पर्णिका मोजायला गटात दिल्या की गणिताचा तासही तिथेच होतो. दहा-दहाचे ढीग करा असं सांगावं लागत नाही, मोजता मोजता चुकलं की मुलं स्वतःच ढीग करू लागतात.

वाळलेली शेंग मिळाली तर जपून ठेवा. ती तीन फाकांत उकलते आणि आतल्या प्रत्येक बीला कागदासारखे तीन पंख असतात. ओट्यावर उभं राहून बी सोडायची, कोणाची लांब जाते बघायचं. बीजप्रसार समजावून सांगायची गरज राहत नाही. दुसरा प्रयोग गढूळ पाण्याचा. दोन-तीन बिया सोलून, बारीक कुटून एक लिटर गढूळ पाण्यात ढवळायच्या आणि शेजारी तेवढंच नुसतं गढूळ पाणी ठेवायचं. तासा-दोन तासांत पहिल्या भांड्यातला गाळ लवकर तळाशी बसलेला दिसतो. मात्र हे पाणी प्यायचं नाही हे मुलांना बजावून सांगा. स्वच्छ दिसणारं पाणी जंतूमुक्त असतंच असं नाही, हा धडाही त्यातच आहे.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात. हात लागला तर खाज सुटते, म्हणून खोडाला टेकण्याआधी वर-खाली बघायची सवय लावा. आणि झाडावर कोणी चढायचं नाही. शेवग्याची फांदी फार ठिसूळ, न वाकता एकदम तुटते. शेवगा दारात लावू नये असं जुनी माणसं म्हणतात. त्यामागची कारणं प्रत्येक जण वेगळी सांगतो, मला आपलं हे फांदीचं कारण पटतं.

यानंतरचं काम पालकांचं. "बाई, हा भाजीचा घास तोंडात धरून बसतो हो, गिळतच नाही," ही तक्रार दर पालकसभेत असते. अशा वेळी घरात सौदा होतो : "दोन घास भाजी खा, मग मोबाइल देते." मुलाला यातून एवढंच कळतं, की भाजी ही सोसायची वस्तू आहे आणि बक्षीस दुसरंच काहीतरी आहे. नवी चव लहान मुलाला पहिल्या खेपेला आवडत नाही. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच "आमच्याकडे हा खातच नाही" असं जाहीर करतो, आणि तेही मुलासमोर!

शेवग्याच्या पाल्यात मुलांना हात घालायला भरपूर काम आहे. संध्याकाळी डहाळ्या तोडून सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी फडकं झटकलं की बऱ्याच पर्णिका आपोआप गळून पडतात. उरलेल्या खुडायच्या, जाड देठ वेगळे काढायचे. चार-पाच वर्षांच्या बोटांना हे सहज जमतं. वर्गातला एक मुलगा पोह्यांतली कोथिंबीरसुद्धा वेचून डब्याच्या झाकणावर ठेवायचा. त्याने एकदा सकाळी आल्या आल्या सांगितलं, "बाई, आज डब्यात मी खुडलेल्या पाल्याचं थालीपीठ!" अर्धं खाल्लं, अर्धं परत नेलं. मला ते अर्धंसुद्धा पुष्कळ वाटलं.

पहिल्यांदाच नुसती भाजी वाढू नका, पाल्याला किंचित कडवट चव असते. थालिपिठात, मूगडाळीच्या आमटीत किंवा अंड्याच्या पोळीत मूठभर घाला. कोकणातल्यासारख्या आठळ्या आणि ओलं खोबरं घातलेली भाजी मुलांना थोडी सरावल्यावर आवडते. वरून लिंबू पिळायला विसरू नका. पालेभाजीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे ते शोषण वाढतं. याउलट जेवणासोबतचा चहा ते अडवतो. लहान मुलांना चहा-चपाती देणाऱ्या घरांमध्ये ही गोष्ट आवर्जून सांगा.

मोबाइलवर फिरणाऱ्या "दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम" अशा संदेशांनी हुरळून जाऊ नका. त्यात बहुधा वाळवलेल्या पाल्याच्या भुकटीची तुलना दुधाशी केलेली असते. मूल शंभर ग्रॅम भुकटी खाणार आहे का? पाला चांगला आहेच, पण तो औषध नाही. रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध चालू ठेवायचं. प्राथमिक शाळेत आठवड्याला मिळणारी गुलाबी गोळी आणि जंतनाशक दिनाची गोळीही चुकवायची नाही. पोटात जंत असतील तर चांगलं खाल्लेलंही अंगी लागत नाही.

परसात झाड नसेल तर पावसाच्या तोंडावर कोणाकडून तरी मनगटाएवढी जाड, हात-दीड हात लांबीची फांदी आणा आणि पाणी साचणार नाही अशा जागी रोवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तळाला भोकं पाडलेल्या मोठ्या बादलीत बी लावावी. शेंगांची आशा धरू नका, पाला मिळेल. रोप मुलाच्या कमरेएवढं झालं की शेंडा खुडा म्हणजे बाजूला फुटवे येतील. पुढेही उंची मुलाचा हात पोचेल एवढीच ठेवा.