हिमांतील पांच मिनिटांची झोंप

पौषाच्या रात्रीं शेकोटीपाशीं बसूनही आपण थंडीची तक्रार करितों. परंतु जेथें शेकोटीस लांकूड नाहीं व सभोंवतीं बर्फावांचून कांहीं नाहीं, तेथें उघड्यावर मनुष्य जिवंत कसा राहतो, हें आजच्या पाठांत पाहूं. त्यासाठीं सन 1916 मधील एक खरा वृत्तान्त घेऊं.

अर्नेस्ट शॅकल्टन यांचें ‘एन्ड्युरन्स’ जहाज दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत बर्फाच्या दाबानें चिरडून 1915 च्या नोव्हेंबरांत बुडालें. त्यावरील 28 माणसें कित्येक महिने हिमाच्या लाद्यांवर काढून, मग होड्यांनीं एलिफंट बेटावर पोहोंचलीं. बावीस जणांस तेथें ठेवून शॅकल्टन पांच सोबत्यांसह एका लहान होडीनें साउथ जॉर्जिया बेटास गेले. परंतु तेथील वस्ती दुसऱ्या अंगास होती, आणि मध्यें हिमाच्छादित डोंगर. 19 मे रोजीं पहाटेस शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन हे तिघे चालत निघाले. तंबू नाहीं, पांघरूण नाहीं. तीन दिवसांचें अन्न, एक स्टोव्ह, एक दोर, आणि पाय घसरूं नये म्हणून बुटांच्या तळव्यांस होडींतील स्क्रू लाविलेले.

आतां थंडी मनुष्यास कशी मारते, हें समजून घ्यावें. शरीराची उष्णता सुमारें 37 अंश सेल्सिअस असते. ती 35 च्या खालीं गेली कीं धोका सुरू होतो. प्रथम मनुष्य कुडकुडतो. हें हितकारकच आहे, कारण स्नायू हालून उष्णता उत्पन्न होते. पुढें बोटें चालत नाहींत, जीभ अडखळते, बुद्धि मंद होते. साधारण 32 अंशांच्या सुमारास कुडकुडणें थांबतें, आणि त्या बिचाऱ्यास वाटतें कीं आपणांस बरें वाटूं लागलें! कित्येक जण त्या भ्रमांत अंगावरील वस्त्रेंही काढून टाकितात. म्हणून थंडींत सांपडलेल्यानें केवळ स्वतःच्या बुद्धीवर विसंबूं नये. सोबत्यानें सोबत्यावर नजर ठेवावी.

थंडीचे दोन साथीदार आहेत, वारा व ओल. अंगालगतची ऊबदार हवा वारा उडवून नेतो, आणि ओलें वस्त्र देहाची उष्णता शोषून घेतें. सुती कापड भिजलें कीं निरुपयोगी होतें. लोंकर भिजली तरी थोडी ऊब राखते, हें आपल्या घोंगडीवाल्या धनगरास कोणी शिकवावयास नको. चालतांना घाम येण्याआधींच एखादें वस्त्र उतरावें. थांबणें भागच पडलें तर बर्फांत खळगा खणून वाऱ्याआड बसावें. हिमही आसरा देतें. दारूनें ऊब वाटते ती खोटी. कातडीकडील रक्तवाहिन्या रुंदावून आंतील उष्णता अधिकच बाहेर जाते.

ते तिघे संध्याकाळीं एका उंच कड्यावर होते. मागून धुकें येत होतें; तेथें रात्र काढणें म्हणजे मरण. तेव्हां दोराचें वेटोळें करून, एकामागें एक त्यावर बसून, ते अंधुक प्रकाशांत खालीं घसरले व वांचले. पुढें दमून थोडे बसले, तोंच वर्स्ली व क्रीन यांस झोंप लागली. शॅकल्टन मात्र जागे राहिले. तिघेही निजले तर कोणी उठणार नाहीं, हें ते जाणून होते. पांच मिनिटांनीं त्यांनीं दोघांस हालवून उठविलें आणि अर्धा तास झोंप झाली, असें सांगितलें. हें असत्य होतें खरें. त्याचा निवाडा मी वाचकांवर सोपवितों. सुमारें 36 तास चालून 20 मे रोजीं ते वस्तीस पोहोंचले.

गारठून पडलेला कोणी आढळल्यास त्यास आडवेंच ठेवून हळुवारपणें हाताळावें, ओलीं वस्त्रें काढून कोरड्यांत गुंडाळावें, आणि प्रथम छाती व पोट ऊबवावें. बधिर झालेलीं बोटें चोळूं नयेत. बर्फानें तर मुळींच नाहीं. पूर्ण शुद्धीवर असेल तरच ऊन गोड पेय द्यावें. श्वास लागत नाहींसा भासला तरी घाईनें मेला म्हणूं नये. सन 1999 मध्यें नॉर्वे देशांत बर्फाळ पाण्यांत अडकलेल्या एका स्त्रीच्या शरीराची उष्णता 13.7 अंशांवर आली होती. तरी इस्पितळांत ती वांचली.

इकडे एलिफंट बेटावरील बावीस जण दोन होड्या उपड्या घालून त्यांखालीं चार महिने राहिले. एका तरुणाच्या डाव्या पायाचीं बोटें हिमदंशानें मेलीं होतीं. डॉक्टरांनीं तीं तेथेंच कापलीं. 30 ऑगस्ट 1916 रोजीं शॅकल्टन जहाज घेऊन आले, तेव्हां बावीसही जण जिवंत होते.